सोमपालच्या आईचा निरोप

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून लोक मला सहानुभूती देतील आणि ती मला नको आहे. सोमपालने त्याच्या आईसाठी दिलेलं पार्सल मी मुद्दाम घरी ठेवून गेलो. विसरलो नाही. बॅगेत घातलंच नाही, कपाटात ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

दुसरी गोष्ट... माझा असल्या प्रकारांवर कधीच विश्वास नव्हता. मी बावन्न वर्षांचा, डोंबिवलीत वाढलेला, गेली एकोणीस वर्षं गल्फमध्ये, हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत लॉजिस्टिक्स बघणारा माणूस. माल कुठून निघाला, कुठे पोचला, मध्ये कोणाकोणाच्या सह्या झाल्या, हे बघणं माझं काम. जो माल निघालाच नाही तो पोचू शकत नाही, या एका वाक्यावर माझा पगार चालतो. या ग्रुपवरचे बाकीच्यांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचायचो.

सोमपाल आमच्या स्टोअरचा सुपरवायझर. श्रीलंकेचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी मला 'सर' म्हणणारा. आमचं बोलणं हिंदीत, म्हणजे इथल्या गल्फच्या हिंदीत. गेटपासवर सही करायचा अधिकार आम्हा दोघांनाच. एक रजेवर गेला की दुसऱ्याने हजर राहायचं, हा नियम. दोन वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीला जोडून त्याने रजा टाकली होती. आई एक्याऐंशी वर्षांची, दोन वर्षांत भेट नाही. त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर पडला होता. मी तो न बघताच त्याच तारखांची तिकिटं काढली.

कुठली? तर श्रीलंकेचीच. माझी मुलगी सई बारावीत जाणार होती, त्याआधी एक ट्रिप करायची होती. अजमानमध्ये आमच्या बिल्डिंगमधली दोन मराठी कुटुंबं जाऊन आली होती. बायको वर्षभर त्यांचे फोटो बघत होती.

"सोमपाल, मेरा टिकट हो गया यार. पैसा वापस नहीं मिलेगा," मी म्हणालो.

तो अर्जाकडे बघत राहिला. मग तो उचलून घडी करत म्हणाला, "नो प्रॉब्लेम सर. आप मेरा कंट्री देखो. मैं बाद में जाएगा."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी त्याच माणसाकडून ट्रिपचा प्लॅनही करून घेतला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तो जुन्या डिलिव्हरी नोटांच्या मागे लिहीत बसायचा. सिगिरियाला सकाळी सातच्या आत पोचा, नंतर जिन्यावर रांग लागते. दंबुल्लाच्या गुंफांना मोजे न्या, दगड तापतो. कँडीच्या दंतमंदिरात, जिथे बुद्धाचा दात ठेवलाय, संध्याकाळच्या पूजेला जा, तेव्हाच आतलं दार उघडतात. पुढे नुवारा एलियाचे चहाचे मळे, एलाचा नऊ कमानींचा पूल. मध्येच एका नावाखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या. नालंदा गेडिगे.

"ये टूरिस्ट लोग छोड़ देता है. आप मत छोड़ना सर."

"क्या है उधर?"

"छोटा मंदिर. पत्थर का, बहुत पुराना. डैम बनाया ना, तो पानी में जाने वाला था. एक-एक पत्थर नंबर डालके उठाया, ऊपर लाके फिर से बनाया." मग जरा थांबून म्हणाला, "मेरा घर उसका पीछे. पांच मिनट."

ड्रायव्हरही त्यानेच ठरवून दिला. निमल नावाचा, पन्नाशीचा, नऊ वर्षं दुबईत ट्रेलर चालवून परत गेलेला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये त्याने मला खोका दिला. आमच्याच कंपनीचा खाकी खोका, वर आडवी टेप आणि टेपच्या जोडावर त्याची बॉलपेनने केलेली सही. ती आमची डिस्पॅचची पद्धत. कोणी खोका उघडला तर सही फाटते आणि लगेच कळतं. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, गावी जाणाऱ्याबरोबर पार्सल पाठवणं ही इथली रीतच आहे. आज मी तुझं नेतो, उद्या तू माझं ने. कोणी नाही म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

घरी आलो तर मेधा, माझी बायको, बॅगा वजनकाट्यावर ठेवून बसली होती.

"अहो, तीन किलो जास्त होतंय. आणि हे काय आणलंत?"

"सोमपालचं आहे. आईसाठी."

"आत काय आहे ते विचारलंत का? एअरपोर्टवर विचारलं तर काय सांगणार?"

विचारलं नव्हतं. खोका साडेतीन किलोचा होता. जादा वजनाचे दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये पडणार होते. मी उगाच चिडलो, म्हणालो, "बंद खोका नेणं रिस्कीच असतं," आणि तो कपाटात वरच्या खणात ठेवला. मेधा म्हणाली, "त्याला फोन करून सांगा तरी." मी म्हणालो, "नंतर कोणाबरोबर तरी पाठवतो." फोन केला नाही.

ट्रिप सुरुवातीपासून कटकटीची झाली. कोलंबोहून दंबुल्लाला पोचायला साडेपाच तास लागले. दुसऱ्या दिवशी सिगिरिया. सोमपालने सातच्या आत म्हटलं होतं, आम्ही पोचलो साडेनऊला, कारण सईचे केस. मोठा तांबूस कातळ जंगलातून सरळ वर उठलेला, त्याच्या अंगाला लोखंडी जिने आणि जिन्यांवर माणसांची रांग. चित्रं काढलेल्या कपारीपर्यंत कसाबसा गेलो. पुढे सिंहाचे दोन प्रचंड दगडी पंजे आहेत, तिथून शेवटचा चढ. तिथे माझ्या उजव्या गुडघ्यातून अशी कळ आली की मी खालीच बसलो.

"बाबा, यू कान्ट बी सीरियस. वी आर ऑलमोस्ट देअर!"

"तुम्ही या जाऊन. मी बसतो."

त्या दोघी वर गेल्या. मी पंजांच्या समोर सावलीत एका पायरीवर बसलो. सव्वा तास. मला तो सव्वा तास आठवतो. माकडाने एका बाईची चिप्सची पिशवी पळवली. एक शाळकरी पोरांची सहल आली आणि गेली. डोळे मिटले असतील, नाही म्हणत नाही. पण जागचा हललो नाही. निमल खाली पार्किंगमध्ये गाडीजवळ होता. दुपारी दंबुल्लाच्या गुंफा झाल्या. मोजे हॉटेलवर राहिले होते, पाय भाजले.

हे सगळं एवढं बारीक का लिहितोय ते पुढे कळेल.

तिसऱ्या दिवशी कँडीला निघालो. अर्ध्या-पाऊण तासात निमलने गाडी हळू केली. "सर, नालंदा. यल्ला, उतरो."

ती जागा खरंच सुंदर आहे. पाण्याच्या कडेला बांधावरून चालत जायचं, टोकाला छोटंसं काळ्या दगडाचं देऊळ. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या शिवमंदिरासारखं दिसतं, परिसर मात्र बौद्ध. आसपास चिटपाखरू नव्हतं. मेधा आणि सई फोटो काढत पुढे गेल्या. मी मागे रेंगाळत होतो, कारण निमल माझ्या शेजारी उभा होता आणि तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

"सर, सोमपाल का अम्मा इधर ही. मेरे को बोला था, सर जरूर मिलेगा."

"टाइम कम है निमल. कँडी में शाम को पूजा है."

"पांच मिनट, सर. बूढ़ी रास्ता देखता होगा."

काय करणार? निघालो. मेधा आणि सई देवळापाशीच थांबल्या. वाटेत मी थाप तयार केली. एअरलाइनने एक बॅग मागे ठेवली, तिच्यातच खोका होता, दोन दिवसांत येईल. ऐकायला बरी वाटत होती.

कौलारू घर, पुढे सिमेंटचा ओटा, कडेला फणस. ओट्यावर एक हडकुळी म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. अंगात पांढरा ब्लाउज, डोळ्यांवर नवा कोरा चष्मा, इतका नवा की काडीला दुकानाचं चिकटवलेलं लेबल तसंच होतं. मला बघून ती उठली, दोन्ही हात जोडले आणि हसली. भराभर काहीतरी बोलली. त्यातला 'पुता' हा एकच शब्द मला कळला. मुलाला हाक मारतात तसा.

निमल माझ्याकडे बघायला लागला.

"क्या बोलती है?"

"सर... बोलता है, फिर से आ गया? घुटना, वो नी, कैसा है आज?"

"फिर से मतलब?"

"बोलता है, कल आप पार्सल लेके आया. अकेला. डैम की तरफ से चलके आया, पैर दुख रहा था. इधर बैठा." त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. निमलचा आवाज खाली आला होता. आदल्या दिवशी आम्ही कुठे होतो हे माझ्याइतकंच त्यालाही माहीत होतं. गाडी त्याच्याच हातात होती.

आता इथे वाचणाऱ्यांना वाटेल, माझ्या अंगावर काटा आला. नाही आला. खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. थाप मारायची गरजच उरली नव्हती. पार्सल पोचलं म्हणतेय ना? मग मिटलं. म्हातारीला भ्रम झाला असेल, कोणा दुसऱ्याने काही आणून दिलं असेल... आपलं काय जातं?

"निमल, हां बोल दो."

"सर?"

"बोल दो हां, मैं ही आया था. बूढ़ी है, क्यों दिल दुखाना."

"जैसा आप बोले." त्याने सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. तिथे कोरा चहा देतात आणि सोबत गुळाचा खडा. निमलच्या बशीत खडा होता. माझ्या बशीत नव्हता. मी काही बोललो नव्हतो. मला सहा वर्षांपासून डायबेटिस आहे. निमलने न विचारताच भाषांतर केलं, "बोलता है, कल आपने मना किया. शुगर है बोला."

मग ती निमलला काहीतरी विचारायला लागली, माझ्याकडे बोट करून, जरा हसून.

"अब क्या?"

"सर, पूछता है... कल तो आप खुद हमारा भाषा में बात किया. आज बीच में मैं क्यों?"

मला सिंहली येत नाही. 'आयुबोवन' या नमस्काराशिवाय एक शब्द नाही. आता मात्र मला तिथून निघायचं होतं. मी घड्याळ बघितलं, उठलो. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. हात कोरडे, हलके, आणि गरम होते, चांगल्या जिवंत माणसाचे. ती सावकाश बोलली, एकेक शब्द तोडून, मला कळावं म्हणून.

"बोलता है, कल जो बात आपको बोला, वो सोमपाल को वैसा का वैसा बोलना. फोन पे नहीं. सामने बैठ के." निमल थांबला. "सर, मैं पूछूं, क्या बात बोला था? एक बार फिर से बोल देगा."

तो विचारत होता. एका वाक्याचं काम होतं.

"नको... नहीं, चलो. कँडी लेट हो जाएगा. बोलो, हां, बोल दूंगा."

तिने मान हलवली आणि हात सोडला.

कँडीला वेळेत पोचलो. दंतमंदिरात ढोल वाजत होते, कमळांचा वास, माणसांची रेटारेटी, आतलं दार उघडलं आणि सगळ्यांनी माना उंच केल्या. मी काय बघितलं, विचारू नका. पुढचे दोन दिवसही तसेच. चहाचे मळे, धुकं, नऊ कमानींचा पूल, त्यावरून जाणारी निळी गाडी येणार म्हणून दीड तास चिखलात उभं राहणं. मेधाला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही सव्वा तास एकटे होतात की सिगिरियाला." मी म्हणालो, "तिथून नालंदा चाळीस किलोमीटरच्या वर आहे, बाई! आणि खोका अजमानला कपाटात!" सई कानातले इअरफोन न काढता म्हणाली, "बाबा, शी इज ओल्ड. शी गॉट मिक्स्ड अप. लेट इट गो."

किती सोपं आहे ना? ती अशी गोंधळली की तिला माझा गुडघा कळला, माझी शुगर कळली.

अजमानला परत आल्यावर चपला न काढता आधी कपाट उघडलं. खोका जिथे ठेवला होता तिथेच. टेप शाबूत, सही शाबूत.

तेव्हाच तो उचलून सोमपालकडे जायला हवं होतं. पण ऑफिसला गेलो तर तो गेटवरच उभा. त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. "सर, आप दो बार गया! पड़ोसी का फोन से अम्मा बोला. पहला दिन पार्सल, दूसरा दिन फिर से मिलने." स्टोअरमधल्या पाकिस्तानी फोर्कलिफ्टवाल्यापासून रिसेप्शनच्या फिलिपिनो मुलीपर्यंत सगळ्यांना त्याने सांगितलं होतं. लोक मला चहा पाजायला लागले. अशा वेळी काय बोलायचं? मी चहा पीत राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत त्याने हळूच विचारलं, "सर, अम्मा क्या बोला?"

"सब ठीक है, टेन्शन मत लेना, अपना खयाल रखना..." असलं काहीतरी मी जुळवलं.

तो थांबला. "बस इतना? वो तो बोला, सर को सब बता दिया. एक घंटा बात किया."

"मेरे को उतना याद नहीं यार. वो निमल ने ट्रान्सलेट किया थोड़ा."

त्याने निमलला फोन केला असणार. निमलने काय सांगितलं मला माहीत नाही, पण सोमपालने पुढे निमलचं नाव काढलं नाही. मला मात्र दर दोन-चार दिवसांनी विचारायचा. कधी फाइल घेऊन यायचा, फाइल ठेवायचा, उभा राहायचा. "सर, कुछ याद आया?" मला राग यायचा. त्याचा नव्हे... पण काढायचो त्याच्यावरच. एकदा ओरडलो, "अपनी अम्मा को पूछ ना फोन पे!" तो म्हणाला, "पूछा, सर. बोलता है, पड़ोसी का घर में ऐसा बात नहीं बोलेगा. बोलता है, सर को मालूम है."

सर को मालूम है!

पुढच्या महिन्यात स्टॉक-टेकिंग झालं की त्याची रजा मी स्वतः मंजूर करून ठेवली होती. वाटलं, तो जाईल, आईला समोर बसून विचारेल, प्रकरण खलास. त्याच्या तिकिटाला नऊ दिवस होते तेव्हा ती गेली. झोपेतच.

तो गेला आणि विधी उरकून बाराव्या दिवशी परत आला. आल्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आला, दार लावलं आणि बसला. एरवी तो माझ्यासमोर बसत नाही.

"सर, अब बता दो."

"सोमपाल..."

"मेरा बाप मरा तब मैं नहीं गया. कंपनी बदल रहा था, वीजा में अटका था. अम्मा चार साल ठीक से बात नहीं किया. पैसा भेजा तो लिया, बात नहीं किया." तो टेबलाकडे बघत होता. "गाली था तो गाली बता दो. आप अच्छा आदमी, इसलिए छुपाता है. मैं समझता. पर मेरे को मालूम होना चाहिए, माफ किया कि नहीं किया."

तेव्हा मला कळलं, एवढे दिवस तो काय मागत होता.

त्या शुक्रवारी दुपारी मी खोका घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. अजमानलाच, इंडस्ट्रियल एरियात, तिघांत एक खोली. बाकीचे दोघे कामावर होते. मी खोका त्याच्या कॉटवर ठेवला आणि सगळं सांगितलं. कपाट, दीडशे दिरहम, एअरलाइनची थाप जी मारावी लागली नाही, सगळं.

तो खोका बघत राहिला. स्वतःच्या सहीवरून बोट फिरवलं. मग चावीने टेप कापली. आत दुधाच्या पावडरचे दोन डबे, खजूर, बामच्या बाटल्या, एक मऊ शाल. आणि शालीत गुंडाळलेलं चष्म्याचं घर. त्याने उघडलं. तपकिरी काड्यांचा चष्मा. काडीला दुकानाचं लेबल.

त्याने चष्मा उलटसुलट करून बघितला.

मग त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. तिच्या शेवटच्या दिवसांतला, शेजाऱ्याने काढलेला. तोच चष्मा. "एक ही बनवाया था सर. उधर के डॉक्टर का नंबर मंगवाके, इधर रोला मार्केट में. एक ही." तो घरी गेला तेव्हा तो चष्मा तिच्या उशाशी होता, शाल खुंटीला होती. त्याने स्वतः बघितलं होतं.

आता कृपा करून मला कोणी सांगू नका की त्याने दोन पार्सलं पाठवली असतील. मी त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन विचारून आलोय. कोणी दुसरा माझ्या नावाने गेला असेल, असंही सांगू नका. माझ्या गुडघ्याचं मी कोणाला बोललो नव्हतो. निमलला फोन केला, तो म्हणाला, "सर, मेरे को इसमें मत डालो," आणि ठेवला. सिगिरियाला पायरीवर बसलेल्या माझा सईने वरून काढलेला फोटो आहे, वेळेसकट. म्हणजे मी तिथे होतो. मग नालंदाला कोण होतं? दोन वर्षं झाली. सगळे कागद मांडून बसतो, प्रत्येक सहीचा हिशोब लागतो, आणि तरी माल दोन्हीकडे आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही. चीड येते, पण नाही.

पण त्या दुपारी मला वाटलं होतं, सोमपाल चिडेल, खोका माझ्या अंगावर फेकेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्याने यातलं काहीच केलं नाही. चष्मा हातात धरून तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्यासाठी काहीतरी घेऊनच आलोय.

"मतलब सर, आप गया था," तो म्हणाला. "कैसा गया, वो छोड़ो. गया था. अम्मा आपको ही बोला. तो बात आपके अंदर है. आप आराम से बैठो, पानी पियो. याद करो."

मी बसलो. पाणी प्यालो. देवाशप्पथ सांगतो, मी डोळे मिटून प्रयत्नही केला. ओटा आठवला, फणस आठवला, तिचे गरम हात आठवले. त्यापलीकडे काही नव्हतं. डोळे उघडले तेव्हा तो तसाच पुढे झुकून बसला होता.

मग मी त्याची माफी मागितली. पार्सलची नाही, रजेचीही नाही. त्या दोन्ही माफ्या आधीच मागायला हव्या होत्या, आणि खोका ठेवताना मागून झाल्या होत्या.

म्हणालो, "सोमपाल, मेरे अंदर कुछ नहीं है. पहले दिन कौन आया था, मेरे को नहीं मालूम. पर दूसरे दिन मैं ही था. तेरी अम्मा सामने बैठी थी. निमल बोला, पूछूं, फिर से बोल देगी. मैंने मना किया. मेरे को कँडी पहुंचना था. वो बात मैंने वहां छोड़ी, और अब वो किसी के पास नहीं है. उसके लिए मेरे को माफ कर, भाई."